लोकगायकाचा कव्हर गाण्यांचा अल्बम कसा ऐकावा : खान्देशातल्या श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

एकच गायक. दहा-बारा गाणी, त्यातलं एकही त्याचं स्वतःचं नाही. दोन कानबाईची (श्रावणात बसवतात ती खान्देशातली देवी), एक आखाजीचं (म्हणजे अक्षय तृतीयेचं, तेव्हा लेकी माहेरी येतात), एखादं भजन, बहिणाबाईंच्या ओव्या, जुनं सिनेमातलं गाणं, लावणी, आणि शेवटी तळोद्याकडचा एखादा ढोलाचा ठेका. असा अल्बम आला की जळगाव, धुळे, नंदुरबार आणि पलीकडे सटाणा-मालेगावपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "आवाज भारी शे, पन मूळनी मजा नही." ही मजा नेमकी कुठे गेली, की गेलीच नाही, हे कानाने कसं ओळखायचं, त्याची ही उत्तरं.

कव्हर, व्हर्जन आणि रिमिक्स या तिन्हींत फरक काय?

रिमिक्समध्ये जुनं ध्वनिमुद्रणच वापरतात. आवाज तोच असतो, खाली नवा ठेका भरलेला असतो. कव्हरमध्ये गाणं जुनं, पण गळा, वाद्यं, मुद्रण सगळं नवं. 'व्हर्जन' हा कॅसेटच्या काळातला शब्द. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा गाजलेली गाणी दुसऱ्या गळ्यातून, पण हुबेहूब मूळच्यासारखी गाऊन घेत आणि कमी किमतीत विकत. व्हर्जनचं यश नकलेत असतं. कव्हरला नक्कल हा निकष लावला तर चांगलं कव्हर नेहमी नापास होणार आणि कंटाळवाणं कव्हर पहिल्या नंबराने पास होणार.

लोकगीताला 'मूळ' तरी कुठे असतं? मग तुलना कशाशी करायची?

अल्बम समजून घ्यायचा तर सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवावा.

कानबाईचं गाणं अमळनेरला एका चालीत आणि साक्रीला दुसऱ्या चालीत असतं. एकाच गावातल्या दोन गल्ल्यांत कडव्यांचा क्रम वेगळा सापडतो. कोणी पहिल्यांदा रचलं, याला उत्तर नाही. म्हणून 'मूळ कोणतं' हे विचारण्यापेक्षा 'या गायकाने हे कुणाकडून घेतलं' हे शोधा. घेण्याच्या जागा तीनच : गल्लीतलं जिवंत गाणं, आधीचं एखादं ध्वनिमुद्रण, किंवा सिनेमा-भावगीतासारखं छापील शब्द आणि ठरलेली चाल असलेलं गाणं.

ओळखायच्या खुणा आहेत. पहिली खूण कडव्यांची संख्या. जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारं गाणं त्यासाठी तीन-चार कडव्यांत छाटलं जाई. नव्या अल्बमला वेळेचं बंधन नाही. तरीही नेमकी तीच तीन-चार कडवी, त्याच क्रमाने आली, तर गायक गल्लीतून नाही, तबकडीवरून किंवा तिच्या नकलेवरून शिकला आहे. दुसरी खूण मधल्या संगीताची. दोन कडव्यांमध्ये जुन्या मुद्रणातला पेटीचा तुकडा जसाच्या तसा वाजला तर संशय फिटला. तिसरी खूण सगळ्यात पक्की : चूक. आधीच्या गायकाने एखादा शब्द चुकीचा ऐकून गायला असेल आणि नव्या अल्बममध्येही तीच चूक असेल, तर उगम सापडला म्हणून समजा. बरोबर शब्द कुणाकडूनही मिळतो, चुकीचा मात्र एकाच घरातून येतो.

उगम कळला की तुलना न्याय्य होते. तबकडीवरून घेतलेलं गाणं तबकडीशी ताडावं, गल्लीतून घेतलेलं गल्लीशी.

पहिल्यांदा ऐकताना नेमकं काय करावं?

तीनदा ऐका, तीन वेगळ्या कामांसाठी. पहिल्यांदा काहीच शोधू नका, सलग ऐका. दुसऱ्यांदा फक्त शब्द. तिसऱ्यांदा फक्त ठेका, पायाने धरून. मूळ मुद्रण (असेल तर) दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे ऐका. आधी ऐकलंत तर नवं गाणं फरकांची यादी होऊन बसतं.

मोबाइलच्या स्पीकरवर ढोल-संबळाचा निवाडा करू नका. इतका लहान स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज धडपणे देत नाही. ढोलाची घुम निघून जाते, उरते ती टिपरीची टकटक. साधे वायरचे इअरफोन चालतील. आणि दोन मुद्रणं ताडताना आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या, कारण जे मोठ्याने वाजतं ते उगाच चांगलं वाटतं. नवी मुद्रणं जुन्यांपेक्षा जवळपास नेहमीच मोठी असतात.

वेग वाढवलाय असं वाटतं. तो मोजायचा कसा, आणि त्याने बिघडतं काय?

१५ सेकंद टाळ्या मोजा, चारने गुणा, मिनिटाचा वेग मिळाला. मूळ ८० आणि कव्हर १२० असेल, तर चार टाळ्यांची ओळ तीन सेकंदांऐवजी दोन सेकंदांत संपते. गायकाला श्वासाला जागा राहत नाही, म्हणून तो ओळीचं शेवटचं अक्षर गिळतो. अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, शेवटच्या अक्षरावर बराच अर्थ असतो (चा, ची, ला, त या अर्थाचे ना, नी, ले, मा). ते गिळलं की वाक्य लंगडं पडतं.

आखाजीच्या झोक्याच्या गाण्यांत वेगाचा प्रश्न आणखी खोल जातो, कारण तिथे वेग ठरवते ती निंबाची फांदी. झोका हा लंबक आहे. त्याच्या एका पूर्ण ये-जाला लागणारा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, बसणारीच्या वजनावर नाही. दोर सुमारे १३ फूट असेल तर ये-जाला साधारण चार सेकंद लागतात, १० फूट असेल तर साडेतीन. आठ अक्षरांचा चरण चार सेकंदांच्या एका ये-जात बसला, तर अक्षराला अर्धा सेकंद मिळतो. म्हणून ही गाणी लांबवून, हेलकावा देत गातात. सासरहून आलेली लेक ज्या निवांतपणे माहेरची फांदी वापरते, तो निवांतपणा त्या अर्ध्या सेकंदात असतो.

आता कव्हरमध्ये तोच चरण अडीच सेकंदांत संपला, तर हिशेबाने त्या झोक्याचा दोर पाचच फुटांचा झाला. म्हणजे घराच्या तुळईला पोरांसाठी बांधलेला झोका. वेगात गाणं वाईटच असं नाही, पण मग त्या गाण्यावर कोणी झोके घेत नाहीये हे कबूल करून ते वेगळं गाणं म्हणून ऐकावं. चांगले गायक इथे एक युक्ती करतात : खालचा ठेका जलद ठेवतात, पण चरण दुप्पट मात्रांवर पसरतात. ताल पळतो, गाणं हेलकावतं. अल्बममध्ये असं काही सापडलं तर ते गाणं परत लावा.

सहा मात्रांचं गाणं आठात बसवलंय म्हणतात, ते कसं कळतं?

पाय टेकवत मोजा : एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. पाय एकवर आणि चारवर पडला आणि गाणं सोबत चाललं, तर ठेका सहाचा. आपल्याकडची बरीच बायकांची गाणी याच डुलत्या चालीत आहेत. तयार ठेक्यांचे तुकडे मात्र बहुतेक चार किंवा आठ मात्रांचे मिळतात, म्हणून घाईतला संगीतकार गाणं केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, कोंबतो. मग प्रत्येक आवर्तनात दोन मात्रा जास्तीच्या उरतात. त्या भरायच्या कशाने?

भरायची चांगली जागा म्हणजे 'वं माय', 'गं बाई' अशी हाक, नाहीतर मुळातच लांब असलेला स्वर. वाईट जागा म्हणजे प्रत्यय. 'सासरना' (सासरचा) या शब्दात 'ना' ओढला की ऐकू येतं 'सासर... ना!', म्हणजे चक्क नकार. सासरचं कौतुक करणारी ओळ सासर नको म्हणायला लागते. श्रोते हसतात, गायकाला कळत नाही का हसले.

गायकाने पट्टी बदलली तर गाणं बदलतं का?

बदलतं. बायकांनी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गायलेलं गाणं पुरुष गायक काळी एकमध्ये आणतो तेव्हा ते सात अर्धस्वर खाली येतं. हे त्याच्या गळ्याला सोयीचं. पण मूळ गाण्यात सगळ्यात वरचा सूर लागताना आवाज जरा चिरतो, आणि शेताच्या दुसऱ्या बांधावर पोचेल अशी हाक तयार होते. कव्हरमध्ये तोच सूर गळ्याच्या मधल्या, आरामाच्या भागात येतो. हाक जाऊन गोडवा येतो. जाणता गायक त्याची भरपाई करतो. वरच्या सुरावर थांबतो तरी, नाहीतर साथीतली सनई तिथे वर नेतो.

एक सावधगिरी. जुन्या कॅसेटवरून चढवलेल्या गाण्यांची पट्टी खरी धरू नका. टेप सहा टक्के जलद चालला की सगळं गाणं एक अर्धस्वर वर जातं, आणि घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये एवढा फरक पडणं काही विशेष नव्हतं. मूळ गायिकेचा आवाज 'किती कोवळा' म्हणून वाखाणताना कधीकधी आपण जलद चाललेल्या टेपला दाद देत असतो.

आवाज यंत्राने 'सरळ' केलाय हे ऐकून ओळखता येतं का?

येतं. ओळीचा शेवट ऐका. माणूस वरच्या सुरावरून खाली येतो तेव्हा घसरत येतो, यंत्राने दुरुस्त केलेला आवाज पायऱ्या उतरतो. दुसरी जागा गंधाराची, म्हणजे 'ग' या सुराची. गावातल्या बायका गाताना गंधार अनेकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लावतात, आणि दरवेळी थोडा वेगळा. दुरुस्ती करणारं यंत्र त्याला ओढून एका बाजूला बसवतं. गाणं एकदम सिनेमाचं वाटू लागतं आणि कारण सापडत नाही. कारण बहुतेक वेळा हा गंधार असतो. शंका आली तर गाणं पाऊणपट वेगाने लावून तीच ओळ ऐका. अर्ध्या वेगाने नको, त्यात यंत्राचीच खरखर मिसळते.

दुरुस्ती असली म्हणून गायक कच्चा असं समजू नका. पेटी आणि कीबोर्ड ठरलेल्या सुरांचे असतात. मधल्या गंधारावर गायलं तर साथ बेसूर वाटते, म्हणून मुद्रण करणारा गळा साथीकडे सरकवतो. खरं तर साथच कमी करायला हवी होती.

अहिराणी शब्द 'शुद्ध मराठी' केले तर एवढं काय बिघडतं?

अक्षरं मोजली तर काहीच नाही. 'माले' दोन, 'मला' दोन. 'घरमा' तीन, 'घरात' तीन. 'मन्हा' आणि 'माझा' सारखेच. म्हणून बदल करणाऱ्याला वाटतं, वृत्त तर सांभाळलं. बिघडतं यमक. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो : डोळा डोया, काळा काया. त्यामुळे 'काया'चं यमक 'माया', 'छाया' यांच्याशी सहज जुळतं. 'काळा' केलं की दुसरी ओळ उघडी पडते, मग ती झाकायला गायक पुढचाही शब्द बदलतो आणि अर्थ आणखी एक पाऊल दूर जातो. बहिणाबाईंच्या ओवीतला 'वढाय' आठवा. तिथे 'ओढाळ' ठेवून पाहा, मन लगेच पुस्तकात जाऊन बसतं.

उलटंही होतं. अल्बममध्ये 'काया' तसंच ठेवलेलं असतं, आणि बाहेरचा श्रोता त्याचा अर्थ शरीर असा घेतो. अॅपवर दिलेले शब्द तर बऱ्याचदा ऐकूनच लिहिलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

तपासायला चार प्रत्यय पुरतात : ना-नी (चा-ची), ले (ला), मा (त), आणि क्रियापदातला 'स' (तो जास, त्या जातस). एका गाण्यात 'घरमा' आणि 'शेतात' असं मिश्रण दिसलं तर गायकाने अर्धं बदलून सोडून दिलंय. सगळं अहिराणीत किंवा सगळं प्रमाण मराठीत असेल तर तो निर्णय आहे, आवडो न आवडो. ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खान्देशी ही मराठीत नव्हे तर भिली भाषांसोबत मांडली आहे. त्या वर्गवारीवर वाद घालता येईल, पण अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी हा समज तरी त्याने ढिला व्हावा.

बहिणाबाईंची गाणी अहिराणीच ना?

नाही. आसोदं, जळगाव या पट्ट्यातली त्यांची बोली लेवा गणबोली. 'ळ'चा 'य' तिच्यातही होतो, म्हणून गोंधळ उडतो. पण अहिराणीचे 'मन्हा', 'घरमा' तिथे घातले की ओवी परकी होते. धुळ्याकडच्या गायकांच्या अल्बममध्ये हे अधूनमधून होतं, प्रेमाने होतं, पण चूक ती चूकच.

पावरी, संबळ, डफ ही वाद्यं खरी वाजलीत की कीबोर्डवर?

पावरी ही तारप्याच्या कुळातली. सुकलेल्या भोपळ्यात फुंकायचं, खाली बांबूच्या नळ्या. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्रभर वाजते. खऱ्या पावरीचा आवाज एकसंध भिंतीसारखा येतो, पण त्या भिंतीला श्वासाचा हेलकावा असतो. फुंक कमी-जास्त होताना सूर किंचित डळमळतो. कीबोर्डवरची नक्कल ओळखायची खूण म्हणजे प्रत्येक सुराची सुरुवात तंतोतंत सारखी होते.

संबळात दोन भांडी जोडलेली असतात, एक उंच आवाजाचं, एक घुमणारं. यंत्रावरच्या संबळात दोन्हींचा घुमारा एकाच वेळी कापल्यासारखा थांबतो. खऱ्यात मोठं भांडं मागे रेंगाळतं. डफाचं कातडं ओल धरलं की उतरतं, म्हणून वाजवणारे मधूनमधून ते विस्तवावर शेकतात. थेट कार्यक्रमात मुद्रित केलेल्या गाण्यात शेवटाकडे डफाचा आवाज खाली आलेला ऐकू आला तर दोष मानू नका. श्रावणातल्या कानबाईच्या जागरणात दुसरं काय होणार?

पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांतलं थाळगान अल्बममध्ये क्वचितच येतं. थाळीत मेणाने उभी काडी चिकटवतात, ती चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढतात, थाळी गुंजत राहते आणि त्या गुंजनावर कथा चालते. कोणी ते घेतलं असेल आणि वर गिटार-ड्रम चढवले नसतील, तर त्या संगीतकाराचं नाव लक्षात ठेवा.

सगळं आहे, पण गाणं 'एकटं' वाटतं. का?

झील, म्हणजे मागून ओळ उचलणारी साथ, नाही म्हणून. आपली बहुतेक गाणी एकटीची नाहीत. एक जण ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. खर्च वाचवायला स्टुडिओत तोच गायक स्वतःच्या आवाजाचे चार-पाच थर लावून झील तयार करतो. सगळे थर एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी श्वास घेतात. गल्लीतल्या झिलीत कोणी अर्धी मात्रा आधी उचलते, एखादी म्हातारी ओळ संपल्यावरही सूर धरून असते. त्या अर्ध्या मात्रेच्या फरकातच गर्दी ऐकू येते.

पुरुषाने सासुरवाशिणीचं गाणं गावं का?

तमाशात नाच्या होता, भजनांत गवळणी पुरुषच गातात. परंपरेला यात नवं काही नाही. बघायचं एवढंच की गायक 'मी' म्हणतो तेव्हा लेकीच्या जागेवरून म्हणतो की लांबून लेकीची कीव करतो. कीव आवाजातल्या मुद्दाम आणलेल्या कंपनात ऐकू येते. लेक स्वतः गाताना रडत नाही, ती सासूची नक्कल करते.

डीजेचा ठेका लावलेली कानबाईची गाणी ऐकावी की नाही?

ऐकावी. कानबाईची स्थापना रविवारी, रात्री जागरण, सोमवारी विसर्जन. जागरणाचं गाणं आणि मिरवणुकीचं गाणं आधीपासूनच वेगळ्या चालीचं आहे. डोक्यावर कानबाई घेऊन नाचणाऱ्या बाईला जलद ठेका लागतो, बसून गाणाऱ्यांना नाही. म्हणून मिरवणुकीच्या गाण्याला जलद ठेका शोभतो आणि जागरणाच्या गाण्याला तोच मारक ठरतो. तक्रार ठेक्याची नाही, चुकीच्या गाण्याला लावल्याची आहे.

अल्बममध्ये सिनेमाचं गाणं अहिराणीत आणलंय. असं चालतं का? हक्कांचं काय?

कानाला चालतं का ते वर सांगितलंच : यमक आणि प्रत्यय तपासा. कायद्याचं थोडक्यात असं.

पिढीजात लोकगीतावर कुणाची मालकी नाही. पण त्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर आणि नव्याने केलेल्या संगीत-रचनेवर असू शकते. म्हणून गाणं गा, दुसऱ्याचा ट्रॅक उचलू नका. कवीचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, त्यांचा संग्रह १९५२मध्ये आला. म्हणजे त्यातल्या शब्दांची मुदत २०१२अखेर संपली. चाल मात्र वेगळी वस्तू आहे. कुण्या संगीतकाराने दिलेल्या चालीवर गाणार असाल तर त्याचे हक्क स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

हक्क असलेल्या गाण्याच्या कव्हरसाठी कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आगाऊ सूचना द्यायची, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने स्वामित्वधन भरायचं. विशिष्ट भाषेसाठी किंवा बोलीसाठी हा किमान आकडा खाली आणण्याची सोय कलमातच ठेवलेली आहे, अहिराणीवाल्यांनी ती जरूर वाचावी. वेष्टनावर 'कव्हर' असल्याचं लिहावं लागतं, आणि मूळ गायकाच्या नावाचा भास होईल असं काही चालत नाही. शब्द आणि संगीतात मालकाच्या संमतीशिवाय फेरफार करता येत नाही, तांत्रिक गरज असेल तेवढंच. त्यामुळे सिनेमाच्या गाण्याचं अहिराणी रूपांतर या कलमाच्या आधारावर करता येत नाही. त्याला सरळ परवानगीच घ्यावी लागते.

लग्नात गाण्याची भीती बाळगू नका. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांतलं गाणं-वाजवणं कलम ५२नुसार हक्कभंग ठरत नाही. तेच चित्रीकरण यूट्यूबवर चढवलं की ही सवलत सोबत येत नाही.

श्रेयनामावलीत सगळीकडे 'पारंपरिक' लिहिलंय. विश्वास ठेवावा?

अर्धा. ज्याचा कवी माहीत आहे त्यालाही आळसाने 'पारंपरिक' म्हणतात, आणि उलट शेकडो वर्षांच्या चालीखाली 'संगीत : अमुक' असं छापतात. चांगल्या अल्बममध्ये तीन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असतात : शब्द कुणाचे किंवा कोणत्या गावातून मिळाले, चाल कुठली, आणि संगीत-संयोजन कुणाचं. गाणं सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या संमतीने छापलेलं असेल तर उत्तमच.

एक-दोन गाणी अजिबात जमलेली नाहीत. अल्बम वाईट म्हणायचा का?

इतक्या प्रकारांची गाणी गाणाऱ्याचं सगळंच जमलं असेल तर बहुधा त्याने सगळ्या गाण्यांना एकच आवाज लावलाय. लावणी आणि भजन एकाच गोडव्यात, हे खरं अपयश. त्यापेक्षा लावणीत पाय घसरलेला आणि वहीत (खान्देशातल्या वहीगायनात) रंगलेला गायक बरा. फसलेलं गाणं कशाने फसलं ते ओळखा (वेग, पट्टी, शब्द, झील), मग पुढच्या गाण्याकडे कान आपोआप तयार होतो.

अल्बममधलं गाणं आमच्या आजीलाही येतं. तुलनेसाठी तिचं गाणं कसं मुद्रित करावं?

सगळ्यात आधी : अल्बम तिला ऐकवू नका. एकदा ऐकला की ती तीच चाल धरते, आणि 'असंच शे' म्हणते. गाण्याचं नावही सांगू नका, प्रसंग सांगा. "आखाजीले झोकावर काय म्हनेत?" एवढं पुरतं.

पंखा आणि मिक्सर बंद, मोबाइल विमान मोडवर. फोन तोंडापासून हातभर अंतरावर, कापडावर ठेवा. स्टीलच्या डब्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवला तर टाळ्यांचा धक्का मुद्रणात घुमतो. मुद्रणाची प्रत सगळ्यात वरची निवडा. एकटीला बसवू नका. शेजारच्या दोघी-तिघी हव्यात, झील मिळाली की विसरलेली कडवी येतात. पहिल्या वेळी ती बहुतेक पाठ म्हणून दाखवेल, भराभर आणि खालच्या पट्टीत. थांबवू नका. चहा झाल्यावर पुन्हा विचारा, दुसऱ्या वेळचं गाणं खरं असतं. दळणाची ओवी असेल आणि घरात जातं असेल तर रिकामं का होईना फिरवायला द्या. हात फिरला की वेग आपोआप लागतो.

शेवटी तिचं नाव, माहेरचं गाव, गाणं कुणाकडून शिकली, आणि आजची तारीख तिच्याच आवाजात बोलून घ्या. इतरांना ऐकवायला चालेल का, हेही तिथेच विचारा. ती नको म्हणाली तर मुद्रण घरातच राहू द्या.